डागदर कुणाच्यातले?

मला किस्से सांगायची हौस नाही. पण काही गोष्टी पोटात साठत जातात, आणि एखाद्या दिवशी कुणीतरी नको ते बोलून जातं की सगळ्या एकदम वर येतात. परवा तसंच झालं. भोरला एक समारंभ होता. गळ्यात हार घातलेले प्रमुख पाहुणे म्हणाले, "आत्ता कुठे आपल्या खेड्यापाड्यांतल्या माणसाला परक्या देशांची, परक्या धर्मांची माणसं कळायला लागली आहेत!"

टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत होतो. म्हातारा मास्तर म्हणून मुद्दाम पुढे बसवलं होतं. माझं डोकं असं सणकलं की उठून घरी आलो.

आत्ता कुठे? अहो, ज्यांनी हे काम केलं त्यांना भाषण म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. आणि ज्यांना भाषणं येत होती ते तेव्हा दाराला आतून कडी लावून बसले होते! तुम्ही घरचीच माणसं. चहा घ्या आणि ऐका.

लढाईच्या आदल्या वर्षी मी भोरच्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो. त्या सुमाराला व्हिएन्नाहून एक डॉक्टर आले. नाव लेओ. बायकोचं नाव मार्ता. दोघं ज्यू. हिटलरनं त्यांचा देश गिळला, त्याच्या लोकांनी त्यांचा दवाखाना फोडला, तेव्हा एकेक पेटी उचलून दोघं निघाली ती मुंबई, पुणं करत इथवर. भोरकडे डॉक्टर कमी आहेत एवढं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांना इंग्रजी येत होतं, मलाही येत होतं, म्हणून मी दुभाषा झालो.

* * *

पहिला प्रश्न घराचा. पेठेत आमच्या वकीलसाहेबांचं दुसरं घर रिकामं पडलं होतं. मी गेलो. त्यांनी पानाला चुना लावता लावता विचारलं, "कुणाच्यातले?"

म्हटलं, "ज्यू."

"म्हणजे कोकणातले आपले शनवार तेली? शनिवारी घाणा बंद ठेवतात ते?"

"धर्म तोच. पण हे गोरे आहेत."

"गोरे म्हणजे साहेब. आणि साहेब काय काय खातो ते मला सांगू नका मास्तर. घर बाटेल!"

आणखी दोन ठिकाणी हेच ऐकलं. इकडे मोटारस्टँडवर भर उन्हात ती दोघं आपापल्या पेटीवर बसून होती. भोवती ही गर्दी! गर्दीत जवळच्याच उत्रोली गावची ठकूबाई होती. विधवा बाई, भाताची शेती स्वतः करणारी, कामासाठी भोरला आलेली. तिनं मला बाजूला ओढलं.

"मास्तर, ह्यांचं कोन मेलंय व्हय? त्वांडं अशी का झाल्यात?"

मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माझं भोरातलं घर मोकळंच हाय. मी तर शेतावर असती. चला म्हनावं."

गर्दीतला एक धोतरवाला ओरडला, "अगं बाई, ते काय खातात ते तरी आधी विचार!"

ठकूबाईनं मार्ताबाईंची पेटी डोक्यावर घेतली होती. तशीच वळली. "आधी कुठं निजायचं त्ये बगू द्या की त्यांस्नी! खायाचं मागनं इचारते!"

* * *

मग त्या घराच्या अंगणात आमचं एक मंडळच जमलं. संध्याकाळी दवाखाना आटपला की घोंगडी अंथरायची आणि एक शब्द द्यायचा, एक घ्यायचा. आम्ही 'विळा' दिला, त्यांनी त्यांच्या भाषेत विळ्याला काय म्हणतात ते दिलं. असं रोज. डॉक्टर माझ्याकडून शिकले, त्यामुळे त्यांचं मराठी पुस्तकी झालं. मार्ताबाई ठकूबाईकडून शिकल्या. त्यामुळे ती गोरीपान बाई बाजारात, "लई म्हाग हाय वो, परवडत न्हाई!" असं खणखणीत बोलायची. पेठेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. हसा! तुमच्यातल्या एकीनं तरी तिला शिकवलं का?

एकदा दौऱ्यावर आलेला एक गोरा अंमलदार त्यांना भेटायला आला. गोरं माणूस इथं राहतं म्हटल्यावर त्याला राहवलं नाही. आम्ही सगळे घोंगडीवर. तो उभाच. इंग्रजीत डॉक्टरांना म्हणाला, "तुम्ही युरोपियन आहात. असं जमिनीवर, ह्या लोकांच्यात बसणं बरं दिसत नाही. आपली सगळ्यांचीच पत जाते."

मार्ताबाईंनी घोंगडीची एक घडी उलगडली आणि त्याला म्हणाल्या, "बसा की वो! भुई काय चावती व्हय?"

साहेबामागचा पट्टेवाला खोकला आल्याचं सोंग करून कोपऱ्याकडे पळाला. साहेबानं माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं, "बाई म्हणतात, कृपया आसन ग्रहण करावं."

तो बसला नाही. पण पुण्याला जाऊन म्हणाला काय? म्हणे भोरमधल्या त्या जोडप्यावर नजर ठेवा, त्यांचं वागणं संशयास्पद आहे! जमिनीवर बसणं हा संशय! डोकं फिरतं की नाही?

* * *

मार्गासनीचा भागूजी डॉक्टरांकडे पायाची जुनी जखम दाखवायला आला. जातीनं महार. पहिल्या लढाईत सरकारनं त्याला खेचरं हाकायला बसऱ्याला नेलं होतं. पाय बरा झाला तरी भोरला बहिणीकडे आला की तो आमच्या अंगणात यायचाच. बसऱ्याच्या गोष्टी ऐकाव्यात तर त्याच्याकडून.

एका संध्याकाळी वकीलसाहेब आले. पोट दुखत होतं, औषध हवं होतं. औषध घेतलं, जरा टेकले. मार्ताबाईंनी सगळ्यांना चहा आणला. एकसारखे पेले, एकाच ताटात. वकीलसाहेबांनी भागूजीकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं आणि ताडकन उठले. "मला घाई आहे!"

डॉक्टर मला विचारू लागले, "काय झालं? माझं काही चुकलं का?"

काय सांगायचं? सांगावं तर लागणारच. भागूजीच्या देखत, इंग्रजीत, ही सगळी शिवाशीव मी त्यांना समजावून सांगितली.

डॉक्टरांनी आपला पेला खाली ठेवला. मग आपल्या पुस्तकी मराठीत सावकाश म्हणाले, "भागूजी, आमच्या गावात बागेत बाके होती. त्यांच्यावर पाटी लावली होती. ज्यू लोकांनी येथे बसू नये. मी ज्या बाकावर बसून मार्ताला लग्नाचे विचारले, त्या बाकावरसुद्धा."

भागूजीनं चहाचा घोट घेतला. "तुमच्याकडं पाटी लावावी लागती व्हय, डागदर? आमच्याकडं समद्यांना बिनपाटीचंच वाचता येतंय!"

* * *

संक्रांत आली. वकिलीणबाईंच्या घरी हळदीकुंकू. मडमेला बोलवावं की नाही यावर म्हणे खूप खल झाला. शेवटी बोलावलं, कारण मडम आपल्या घरी आली होती असं पुढे सांगता येतं! मार्ताबाईंना आनंद झाला. त्या ठकूबाईला हाताला धरूनच घेऊन गेल्या. ही हकीकत मला नंतर ठकूबाईनं सांगितली.

दारातच वकिलीणबाई म्हणाल्या, "मडम, तुम्ही या. हिला येता यायचं नाही."

"का वो?"

"तिला नवरा नाही."

मार्ताबाईंना वाटलं आपल्याला भाषा नीट कळली नाही. "नवरा न्हाई म्हनून तिळगूळ न्हाई?"

ठकूबाई ओशाळून म्हणाली, "जाऊ द्या बाई, तुमी जा आत. म्या घरी जाते."

मार्ताबाई आत गेल्या नाहीत आणि घरीही गेल्या नाहीत. उंबऱ्यावर बसल्या! मधोमध. ठकूबाईला शेजारी बसवलं. झालं! आतल्या सवाष्णींना बाहेर पडता येईना, बाहेरच्यांना आत शिरता येईना. मडमेला ओलांडून जायचं कसं? वकिलीणबाई आधी गोड बोलल्या, मग तणतणल्या. मार्ताबाईंचं आपलं एकच, "आमी हितंच बऱ्या."

तेवढ्यात माजघराच्या दाराआडून वकीलसाहेबांची म्हातारी आई बाहेर आली. केशवपन केलेली, लाल आलवणातली. काठी टेकत टेकत सगळ्या नटलेल्या बायकांच्या मधून उंबऱ्यापर्यंत आली आणि ठकूबाईला म्हणाली, "सरक गं जराशी. मलाही आत बोलावलेलं नाही."

* * *

लढाई पेटली, आणि डॉक्टरांच्या दारात फौजदार आला.

मी तिथंच होतो. फौजदार कागद वाचून म्हणाला, "तुम्ही जर्मन. शत्रूपक्षाचे. तुम्हा दोघांना ताब्यात घेण्याचा हुकूम आहे."

मी म्हटलं, "अहो, हे ऑस्ट्रियाचे!"

"ऑस्ट्रिया आता जर्मनीत गेला. पासपोर्टावर जर्मनीचा शिक्का आहे."

"तो शिक्का हिटलरनं मारला! ह्यांना देशाबाहेर हाकलायला मारला!"

"मास्तर, मी हुकमाचा ताबेदार. वरून आलाय."

ठकूबाई धावत आली. तिला मी सगळं सांगितलं. ती फौजदाराच्या पुढ्यातच उभी राहिली. "आवो, ज्या चोरानं ह्यांचं घर लुटलं, त्याच्याच टोळीतलं म्हनून ह्यांस्नी धरताय व्हय? कुठली ही अक्कल?"

फौजदारानं कागदाची घडी करून खिशात घातली. डॉक्टरांनी आपली पेटी भरली. तीच, येताना आणलेली. अंगणात पेशंट बसून होते, त्यांना घरी जायला सांगितलं. मार्ताबाई कुणाकडेच बघत नव्हत्या. सगळे मोटारीपाशी आले. फौजदारानं स्वतः दार उघडून धरलं. मग घसा खाकरून, हलक्या आवाजात डॉक्टरांना विचारलं,

"साहेब, आमच्या आईचं औषध आणखी किती दिवस चालू ठेवायचं?"

* * *

कापूरहोळच्या पुढच्या एका डोंगरी किल्ल्यावर सरकारनं छावणी केली होती. तिथे दोघांना ठेवलं. आणि तिथली तऱ्हा ऐका. हिटलरचा जयजयकार करणारे जर्मन व्यापारी आणि हिटलरच्या भीतीनं पळालेले आमचे डॉक्टर, एकाच छपराखाली! पासपोर्ट सारखा ना! ते व्यापारी डॉक्टरांच्या ताटाशेजारी ताट लावायला तयार नसत म्हणे. म्हणजे इथेही तेच!

सुगी उरकल्यावर मी, ठकूबाई आणि भागूजी कापूरहोळपर्यंत मोटारीनं आणि पुढे बैलगाडीनं, पायी असे गेलो. ठकूबाईच्या डोक्यावर नव्या आंबेमोहोराचं गाठोडं. भागूजीनं पहिल्या लढाईत मिळालेलं मेडल छातीला लावलं होतं.

फाटकावरच्या गोऱ्या सार्जंटनं मेडल पाहिलं आणि त्याला विचारलं, "तू आमच्या बाजूनं लढलास, आणि आता दुश्मनाला तांदूळ घेऊन आलास?"

मी ते मराठीत सांगितलं. भागूजी म्हणाला, "साहेब, बसऱ्याला आमी ज्यांच्याशी लढलो, त्यांतल्या एकाचं नाव मला ठावं न्हाई. ह्यांचं नाव ठावं हाय. मग ह्यांस्नी दुश्मन कसं म्हनू?"

मी एक शब्द न गाळता इंग्रजी केलं. सार्जंटनं तांदूळ घेतले. फाटक काही उघडलं नाही! नातेवाईक नाही, म्हणून भेट नाही.

आम्ही उतरायला लागलो. एवढ्यात वर तारेच्या कुंपणापाशी कुणीतरी हात हलवताना दिसलं. मार्ताबाई! पहारेकरी हटकत होता, तरी दोन्ही हात तोंडापाशी धरून त्या ओरडल्या,

"ठकूबाय! भात झोडून झालं का?"

ठकूबाईनं खालून आरोळी ठोकली, "झालं! औंदा दान्याला दाना लागलाय!"

* * *

पुढे सरकारला थोडी अक्कल आली. खरे शत्रू आणि खरे निर्वासित वेगळे काढायला एक चौकशी अधिकारी फिरू लागला. तो भोरला आला. म्हणाला, "गावातलं कुणी प्रतिष्ठित माणूस हमी देत असेल तर ह्या जोडप्याला सोडता येईल."

प्रतिष्ठित माणूस! मी तर पोरसवदा मास्तर, माझी हमी चालेना. मी दारोदार हिंडलो. ज्यांच्या पोरांचे ताप डॉक्टरांनी उतरवले, ज्यांच्या बायका बाळंतपणातून वाचवल्या, ते सगळे प्रतिष्ठित एकदम आजारी पडले! वकीलसाहेब म्हणाले, "मी त्यांना केवळ औषधापुरता ओळखत होतो." त्या वेळी माझ्या हातात छत्री होती. तिचा मी काही उपयोग केला नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

चावडीत अधिकारी कागद आवरायला लागला होता. तेवढ्यात ठकूबाई आली. "म्या देते हमी. घर माझं हाय, शेत माझं हाय. त्ये लिवून घ्या."

अधिकारी मराठी जाणणारा होता. म्हणाला, "बाई, विचार कर. उद्या तो माणूस पळून गेला, तर तुझं शेत जाईल."

"पळून?" ठकूबाईला इतका राग आला की ती पायऱ्या चढून थेट टेबलापाशी गेली. "आवो सायेब, पळूनच तर हितं आलाय त्यो! आता आनि कुठं पळंल?"

अधिकाऱ्यानं टाक उचलला.

* * *

आता शेवटची एक, म्हणजे मग तुम्ही जेवायला मोकळे.

लढाई संपली त्या वर्षीचा आषाढ. दोघं हमीवर कधीच परत आली होती, दवाखाना चालू होता. युरोपात मागे राहिलेल्यांचा शोध घेणाऱ्या मंडळींकडून डॉक्टरांना निरोप आला. आई, वडील, दोन बहिणी, बहिणींची मुलं. मार्ताबाईंकडचीही सगळी. कुणी उरलं नव्हतं. कुणाची राखही नव्हती.

मी गेलो तेव्हा दोघं भुईवर बसली होती. ठकूबाईनं चूल विझवून टाकली होती. सुतकाच्या घरात चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी भाकरी आणायची, हे तिनं कुणाला न विचारता सुरू केलं होतं. डॉक्टर म्हणाले, "आमच्याकडेही असेच करतात." मग मला इंग्रजीत म्हणाले, "मी देव मानत नाही, मास्तर. पण माझे वडील मानत होते. मेलेल्यांसाठी एक प्रार्थना असते. ती मला म्हणायची आहे. पण दहा पुरुष जमल्याशिवाय ती म्हणता येत नाही."

पुण्याला शनवार तेली मंडळी होती. पण पावसानं रस्ता वाहून गेला होता, मोटारी बंद. डॉक्टर म्हणाले, "मग राहू दे."

ठकूबाईनं मला विचारलं, मी सांगितलं. "धा मानसं? येवढंच न्हवं?" पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन ती पावसात गेली.

आधी पेठेत गेली. परक्याच्या सुतकात उभं राहायचं? शिव शिव! वकीलसाहेब देवाला बसलेत, असं दारातूनच सांगण्यात आलं. भर दुपारी! मग ती उत्रोलीला गेली. भाताची आवणी चालली होती. गुडघाभर चिखलातून माणसं उठली आणि तशीच आली. भागूजी बहिणीकडे होता, तोही आला. पाय धुऊन सगळे अंगणालगतच्या पडवीत गोळा झाले. चिखलाचा आणि ओल्या घोंगड्यांचा वास सुटला होता.

डॉक्टर त्यांच्याकडे पाहून गडबडले. मला इंग्रजीत म्हणाले, "तुम्ही समजावून सांगा. मी सगळ्यांचा आभारी आहे. पण ते दहा आमच्यातले असावे लागतात."

मी सांगितलं. ठकूबाई भडकली. "मेलेली मानसं हितं बगायला येनार हायेत व्हय, कोन कुनाच्यातलं त्ये?"

डॉक्टर भिंतीला धरून उठले. डोक्यावर टोपी घातली. त्यांनी टोपी घातली म्हणून ज्यांची मुंडाशी काढलेली होती त्यांनीही ती पुन्हा बांधली. सगळे ओळीनं उभे राहिले.

भागूजीनं मोजलं. "डागदर आनि मास्तर धरून नऊच हायेत. एक कमी."

आम्ही रस्त्याकडे पाहिलं. कुणी येत नव्हतं.

ठकूबाई दारात उभी होती. भागूजी तिच्याकडे बघतोय हे पाहून डॉक्टर हळूच म्हणाले, "आमच्यात बायका धरत नाहीत."

"हितं बी धरत न्हाईत," ठकूबाई म्हणाली. तिनं डोक्यावरची खोळ काढून खुंटीला लावली, पाय पुसले आणि येऊन भागूजीच्या शेजारी उभी राहिली.

डॉक्टरांनी पहिल्या माणसापासून पुन्हा मोजायला सुरुवात केली. सावकाश, एकेकाच्या तोंडाकडे बघत. दहापर्यंत आले. मग त्यांनी डोळे मिटले आणि म्हणायला लागले.